गरम होणारी जुनी बलेनो: रेडिएटर मागवण्याआधी हवेचा रस्ता बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तो आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चुकलं असेल तर तुम्हाला लगेच कळेल. 2004 ची जुनी बलेनो, 1590 सीसीचं पेट्रोल इंजिन. गाडी दारव्हा तालुक्यात, सगळं काम घरच्या शेडमध्ये स्वतःच्या हातानं. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर (मूळ डब्याऐवजी शंकूसारखा एअर फिल्टर), 4-2-1 हेडर (इंजिनच्या चार धुराच्या नळ्या आधी दोन, मग एक करणारा पाईप), मागे फ्री-फ्लो म्हणजे धूर कमी अडवणारा सायलेन्सर, आणि गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगांचा एकेक वेढा कापलेला. एप्रिल लागल्यापासून एसी लावून बाजारात थांबलं की काटा चढतो, मोकळ्या रस्त्यावर 80 च्या वेगानं निघालं की उतरतो. दुपारी पिकअप मरतो, रात्री तीच गाडी पळते. रेडिएटर दुकानातून साफ करून आणला, एका मिस्त्रीनं थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) काढून दिला, तरी फरक नाही. आता जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर मागवायचा आहे आणि कोणता घ्यावा असं तुम्ही विचारता.

मागवू नका. निदान मी खाली सांगतो ते बघून होईपर्यंत तरी पैसे खिशात ठेवा. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्ही उन्हात उठतात म्हणून एकच वाटतात. एक, गाडी थांबली की रेडिएटरमधून हवा जात नाही. दुसरा, इंजिन स्वतःचीच गरम हवा ओढतं. मोठा रेडिएटर या दोन्हींवर औषध नाही. तुम्ही आवडीनं जे जे बदल केले, त्यांतल्या जवळपास प्रत्येकानं हवेचा एकेक रस्ता मोडला आहे, असं मला दिसतं.

मी वर्धा जिल्ह्यातला, पंचवीस वर्षं गाड्यांचं काम करतो. कपाशी, सोयाबीन आणि गॅरेज असं तिन्ही चालतं. मारुतीच्या या जी-सिरीज इंजिनांवर माझा जीव आहे. एस्टीम, जिप्सी, जुनी बलेनो, पहिली 1.3 ची स्विफ्ट, सगळी एकाच घराण्यातली. नीट ठेवली तर ही इंजिनं विदर्भाचा मे महिनाही काढतात. तेव्हा गाडीवरचा विश्वास सोडू नका.

गाडी समोर नसताना सांगतोय, त्यामुळे काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. इंजिन आधी कधी उघडलं होतं का, हेड फेसिंग (इंजिनच्या वरच्या भागाचा, म्हणजे हेडचा, तळ घासून सपाट करणं) झालंय का, तुमच्या गाडीत एसीसाठी वेगळा पंखा शाबूत आहे का, यावर उत्तर बदलू शकतं. पण सगळ्यात मोठा पुरावा तुम्ही स्वतःच दिला आहे: थांबल्यावर काटा चढतो, पळताना उतरतो. हे उलटं असतं, म्हणजे बाजारात ठीक आणि 80-90 ला गरम, तर मी आधी रेडिएटरच्या नळ्या, वॉटर बॉडी (पाणी फिरवणारा पंप) आणि हेड गॅस्केटकडे (हेडखालचं सील) बघितलं असतं. पळताना इंजिन जास्त उष्णता तयार करतं, आणि ती काढण्याइतकं पाणी तुमच्या रेडिएटरमधून फिरतंय, तो ती टाकतोही आहे. म्हणजे रेडिएटर बहुतेक चांगला आहे. कमी पडतेय ती थांबल्यावर मिळणारी हवा. आणि थांबलेल्या गाडीला हवा देणारा एकच माणूस आहे, पंखा.

पंख्यापासून सुरुवात करा. गाडी थंड असताना बॉनेट उघडा, इंजिन चालू, एसी चालू. पंखा फिरला पाहिजे. फिरतोय म्हणून खूश होऊ नका, वर्तमानपत्राचं एक पान समोरच्या जाळीला लावा. पान जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. पान बाहेर ढकललं गेलं तर पंखा उलटा फिरतोय. डीसी मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की ती उलटी फिरते आणि बघणाऱ्याला कळत नाही, कारण पातं गरगरताना दोन्हीकडून सारखंच दिसतं. माझ्याकडे एक एस्टीम आली होती, आधीच्या गॅरेजमध्ये पंख्याची मोटर बदलली होती. मालकानं तीन महिने त्रास काढला, हेड एकदा उतरवून झालं, आणि शेवटी निघाल्या दोन उलट्या जोडलेल्या वायरी. उलटा पंखा थांबलेल्या गाडीत इंजिनचीच गरम हवा रेडिएटरवर मारतो. तीस-चाळीसच्या वेगाला समोरून येणारी हवा आणि पंख्याची हवा एकमेकांना अडवतात, म्हणून संथ ट्रॅफिकमध्ये तर हाल आणखी. मोठ्या वेगात समोरची हवा जिंकते आणि काटा उतरतो. तुमच्या लक्षणाशी हे तंतोतंत जुळतं, म्हणून हेच आधी बघा.

दिशा बरोबर असेल तर व्होल्टेज मोजा. पंखा फिरत असताना, त्याच्या कनेक्टरवर. बॅटरीच्या टोकांवर 13.8 आणि पंख्यावर 12.2 मिळत असतील तर दीड व्होल्टपेक्षा जास्त रस्त्यात कुठंतरी अडकतंय. वीस वर्षांच्या गाडीत तो अर्थच्या गंजलेल्या टोकात किंवा रिलेच्या काळ्या पडलेल्या पिनमध्ये सापडतो. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक मी सोडत नाही. सँडपेपर आणि नवा लग (वायरीच्या टोकाची कडी), एवढ्यात काम होतं.

आता आपल्या भागाची गोष्ट. नोव्हेंबर ते मार्च तुमच्याकडे आणि माझ्याकडे रस्त्यावर काय उडतं? कापूस. जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांमागून चाललं की पुढचा सगळा भाग पांढरा होतो. वरचा कापूस आपण हातानं काढतो, पण बारीक तंतू एसीच्या कंडेन्सरमधून (रेडिएटरच्या पुढं बसलेली एसीची जाळी) आत जातात आणि कंडेन्सर व रेडिएटर यांच्या मधल्या दोन बोटांच्या फटीत साचतात. तिथं धुळीशी मिसळून नमद्यासारखा थर होतो. समोरून बघितलं तर स्वच्छ, मागून बघितलं तरी स्वच्छ. रेडिएटर उतरवल्याशिवाय किंवा सोडून झुकवल्याशिवाय तो दिसत नाही. तुमचा रेडिएटर दुकानात साफ झाला, पण कंडेन्सरची मागची बाजू कोणी बघितली का, हे विचारा. मी दरवर्षी मार्चअखेर माझ्या गाड्यांचे वरचे दोन बोल्ट सोडून रेडिएटर थोडा मागं झुकवतो, टॉर्च मारतो, आणि इंजिनच्या बाजूनं पुढं असं साध्या नळीच्या पाण्यानं धुतो. कार वॉशचा जोराचा फवारा मारू नका, पातळ पट्ट्या आडव्या होतात आणि मग हवा कायमचीच बंद.

तिसरी जागा म्हणजे प्लॅस्टिक. गाडी खाली बसवल्यावर बंपरखालचं काळं आवरण गतिरोधकाला घासायला लागलं असेल आणि तुम्ही ते काढून टाकलं असेल, असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर ते परत बसवा. ते नुसतं चिखलासाठी नसतं. समोरून आलेली हवा रेडिएटरमधून जायच्याऐवजी खालून पळून जाऊ नये, म्हणून ते असतं. पंख्याभोवतीचं श्राउड, म्हणजे प्लॅस्टिकचं आवरण, तेही तसंच. श्राउड नसेल तर पंखा फक्त आपल्या समोरच्या गोलातूनच हवा ओढतो, चारही कोपरे तसेच कोरडे राहतात. जाळीसमोर मोठे हॉर्न, जादा दिवे किंवा बारीक भोकांची शोभेची जाळी लावली असेल तर मे संपेपर्यंत काढून ठेवा.

आता थर्मोस्टॅट. यावर मी थोडा जास्त बोलणार, कारण आपल्याकडे दर उन्हाळ्यात शेकडो थर्मोस्टॅट उकिरड्यावर जातात. "काढून फेका भाऊ, आपल्याकडे थंडी कुठं आहे" हे वाक्य मीही ऐकलं, आणि मीही माझ्या पहिल्या एस्टीममधून तो काढला होता. डिसेंबरच्या पहाटे वर्ध्याहून नागपूरला निघालो की बुटीबोरीपर्यंत काटा वर यायचा नाही. इंजिन थंड आहे असं समजून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडत राहायचा. एव्हरेज 14 चं 11 वर आलं, ऑइलला पेट्रोलचा वास यायला लागला. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं, त्यात रिंगा झिजतात. दोन हिवाळे मी ते नुकसान केलं. आणि उन्हाळ्यात फायदा? काहीच नाही. थर्मोस्टॅट साधारण 82 अंशाला उघडायला लागतो आणि त्यानंतर दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो. तुमचा काटा चढतो तेव्हा तो आधीच पूर्ण उघडा असतो. उघडं दार काढून टाकल्यानं खोली मोठी होत नाही. उलट काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की गरम पाण्याचा एक हिस्सा रेडिएटरला न जाता तसाच इंजिनमध्ये परत फिरतो.

नवा घ्या, पण बसवण्याआधी तपासा. पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्यानं लटकवलेला थर्मोस्टॅट, बाजूला थर्मामीटर. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याजवळ उघडायला लागला आणि उकळीपर्यंत पूर्ण उघडला तर बसवा. त्यावर छोटी हलणारी झडप असेल तर ती वरच्या बाजूला ठेवा, हवा तिथूनच निघते. ते पातेलं नंतर स्वयंपाकाला वापरू नका.

झाकण आणि पाणी हा पुढचा विषय, आणि तुम्ही कोणतं पाणी टाकता ते लिहिलेलं नाही. रेडिएटरचं झाकण म्हणजे कुकरची शिट्टी. झाकणावर 0.9 असा आकडा असेल तर ते साधारण तेवढा दाब धरतं आणि त्या दाबाला पाणी 118-119 अंशापर्यंत उकळत नाही. रबर कडक झालं, स्प्रिंग मेली की तेच पाणी 100 ला उकळतं आणि गाडी पाणी फेकते. लोक म्हणतात हेड गेलं, आणि गेलेलं असतं झाकण. मूळ आकड्याचंच नवं झाकण घ्या. जास्त दाबाचं लावून होज पाईप फोडू नका.

पाण्याचं म्हणाल तर बोअरचं कधीच नको. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातून माझ्याकडे आलेले रेडिएटर मी उघडून बघितले आहेत, नळ्यांच्या आत चहाच्या गाळणीवर बसतो तसा पांढरा थर असतो. ज्या गावच्या पाण्यानं भांड्यात खरड बसते, त्याच पाण्यानं इंजिनच्या जॅकेटमध्येही बसते, फक्त तिथं घासणी पोचत नाही. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं टाका. नुसतं पाणी उष्णता जास्त वाहतं हे खरं आहे, पण ते ॲल्युमिनियमचं हेड आणि वॉटर बॉडी खातं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कुलंट नको, हा हिशोब चुकीचा आहे.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. जुनं कुलंट अंगणात सोडू नका. बहुतेक कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं, ते चवीला गोड आणि विषारी. कुत्रं चाटतं, वासरू तोंड लावतं, लहान मूल बोट घालतं. घमेल्यात काढा, बाटलीत भरा, लेबल लावून उंचावर ठेवा.

भरताना गाडीचं तोंड चढावर ठेवा, हीटर गरमवर, झाकण उघडं, इंजिन चालू. वरचा पाईप मधून मधून दाबत राहा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. आत हवा अडकली तर सगळं नवं असूनही काटा चढेल. मात्र बुडबुडे अर्धा तास झाला तरी थांबत नसतील, किंवा थंड गाडी सुरू केल्याबरोबर दोन मिनिटांत वरचा पाईप दगडासारखा कडक होत असेल, तर ते हेड गॅस्केटमधून येणारं प्रेशर असू शकतं. मग माझं आतापर्यंतचं सगळं बाजूला ठेवा, गाडी चालवू नका आणि हेड उतरवणाऱ्या चांगल्या माणसाकडे न्या. तिथं सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून हेडचा बाक मोजायला लावा. 0.05 मिलिमीटरपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंगशिवाय नवं गॅस्केट टिकणार नाही.

रस्त्यात काटा वर गेलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, काचा खाली. मे महिन्यात हे सहन करणं कठीण आहे, पण हीटर हा छोटा रेडिएटरच आहे आणि त्या पाच मिनिटांत हेड वाचतं. झाकणाला हात लावू नका, आणि तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका. मी पुलगावजवळ एकदा घाईत ओतलं होतं. हेडला चीर गेली.

आता तुमचा दुसरा आजार, दुपारचा मेलेला पिकअप. इथं माझं बोट कोन फिल्टरवर आहे. मूळ डब्याचं नळकांडं पुढच्या बाजूनं बाहेरची हवा घेतं. तुमचा कोन रेडिएटरच्या मागं, हेडरच्या शेजारी बसून बॉनेटखालची हवा पितो. बाहेर 45 अंश असताना तिथं 70 सहज असतं. 45 च्या हवेपेक्षा 70 ची हवा सुमारे 7 टक्के पातळ. म्हणजे प्रत्येक श्वासात 7 टक्के हवा कमी, आणि ती गरम असल्यामुळे इंजिन ठोकायला लागतं ते वेगळंच. आवाज वाढला म्हणून गाडी जोरात चालतेय असं वाटतं, आणि या आवाजाचा मोह मला पूर्ण समजतो, मीही त्याच वयातून गेलो. पण मूळ डबा घरात पडला असेल तर चांगल्या कागदी फिल्टरसह एक आठवडा लावून बघा, दुपारी दोनला. माझी खात्री आहे की फरक तुम्हाला स्टिअरिंगवर बसल्या बसल्या कळेल.

कोनच हवा असेल तर पत्र्याचा बंद डबा करा, वरून बॉनेटला टेकेल असा रबर लावा आणि जाळीमागून बाहेरची हवा आणणारा पाईप जोडा. पाईपचं तोंड खाली बंपरमध्ये नेऊ नका. पावसाळ्यात आपल्या नाल्यांवरून पाणी वाहतं, इंजिननं एक घोट पाणी ओढलं तरी कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि फिल्टरनंतरच्या पाईपमध्ये पांढरं फडकं फिरवा. फडक्यावर काळ्या मातीची बारीक धूळ आली तर फिल्टर कितीही महागाचा असो, तो आपल्या रस्त्यांचा नाही.

हेडरला उष्णतेचं आवरण असायला हवं, मूळ मॅनिफोल्डवर पत्र्याची ढाल होती ती याच कारणासाठी. सांध्यातून फुसफुस येत असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि ईसीएम विनाकारण पेट्रोल वाढवतो. थंड गाडी सुरू करून सांध्याभोवती हात फिरवा, तापायच्या आत.

पेट्रोलचंही सांगतो. आता पंपांवर बहुतेक ठिकाणी 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि तुमची गाडी त्या काळाची नाही. साध्या पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण 13.5. जिथं ईसीएम सेन्सर बघून सुधारणा करत नाही, म्हणजे पूर्ण दाबलेल्या ॲक्सिलरेटरवर, तिथं मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी, पडू शकतं. प्लग काढून बघा. विटकरी-तपकिरी ठीक, खडूसारखे पांढरे असतील तर फ्युएल प्रेशर मोजल्याशिवाय गाडी ताणू नका. इंजिनजवळचे वीस वर्षांचे रबरी पेट्रोल पाईप आता बदलाच. आणि टाकी पाव भागाखाली नेऊ नका, आतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो.

कापलेल्या स्प्रिंगांचं मी गोड बोलून सांगणार नाही. त्या काढा. खड्ड्यात चाक खाली लोंबलं की आखूड स्प्रिंग बैठकीतून सुटू शकते, आणि तुमच्या रस्त्यावर ते रोज होतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये ते स्पष्ट केलं आहे. 2004 ची गाडी म्हणजे तुमचं पासिंग 2029 ला पुन्हा येणार. त्यात फ्री-फ्लोचा आवाजही अडेल. मूळ सायलेन्सर भंगारात देऊ नका.

कामाचा क्रम मी असा ठेवला असता: पहिल्या रविवारी पंख्याची दिशा, व्होल्टेज, कंडेन्सरमागची फट आणि खालचं आवरण, खर्च जवळपास शून्य. दुसऱ्या रविवारी थर्मोस्टॅट, झाकण, कुलंट. तिसऱ्याला मूळ एअर बॉक्स आणि प्लग. एका वेळी एकच गट बदला, नाहीतर कशानं बरं झालं ते कळणार नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा अंधारात चाचपडाल.

तापमान मोजायची इन्फ्रारेड पिस्तूल हजार-दीड हजारात मिळते, ती घ्या. चकचकीत ॲल्युमिनियमवर ती कमी आकडा दाखवते, म्हणून थर्मोस्टॅटच्या घरावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि तिथं मोजा. मग रेडिएटरवर वरून खाली, डावीकडून उजवीकडे फिरवा. मधेच एखादा पट्टा बाकीच्यांपेक्षा वीस अंश थंड निघाला तर तिथल्या नळ्या बंद आहेत, आणि मग तुमचं रेडिएटर घ्यायचं खरं ठरेल. तेव्हाही मूळ मापाचाच घ्या.

हे झाल्यावर दुपारी दोनला एसी लावून दारव्हा ते यवतमाळ जा, बस स्टँडसमोर दहा मिनिटं चालू गाडीत थांबा आणि चार आकडे लिहून मला पाठवा: टेपवरचं तापमान, रेडिएटरच्या वरच्या आणि खालच्या पाईपचं, आणि पंख्यावरचं व्होल्टेज. त्यावरून पुढचं सांगतो.